केसभर राखून ठेवलेलं

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम.

तिकडे सगळे कसे आहेत? आईचे गुडघे आता कसे? तिकडे जिने नसतील अशी आशा करतो. कल्याणच्या चाळीतल्या त्या पायऱ्यांनीच तिचे गुडघे खाल्ले. बाबांचा दमा? बिडी सुटली म्हणतील, पण तू त्यांचे खिसे बघत जा. तुला ते अजून फसवत असतील. शांताआत्याच्या कानाचं काय झालं? की अजून आपण तिच्याविषयीच कुजबुजतोय असं तिला वाटतं? घरात संशयी तीच, असं आपण सगळे म्हणायचो. आता कबूल करतो, तिचा वारसा माझ्याकडे आलाय. आणि तू? छातीत कळ येते का रे अजून? तू आपणहून सांगायचा नाहीस, म्हणून सरळ विचारतो.

इकडे वहिनी बरी आहे. साखर वर-खाली होते, पण जीभ शाबूत आहे. शालन बरी. आमची प्रज्ञा नोकरीला लागली, ठाण्याला नौपाड्यात एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसते. घरात एकटाच मी बरा नाही, पण मला दुखत काहीच नाही.

तू गेल्याला चार वर्षं झाली. कधी लिहिलं नाही. आज लिहितोय, कारण आज शुक्रवार आहे आणि सोमवारी मला एका ठिकाणाहून निरोप यायचाय. तोवर मनात जे चाललंय ते शालनला सांगून कळणार नाही, प्रज्ञाला तर नाहीच. ज्याने कधी हातात कानस धरली त्यालाच ते कळेल. मला कानस धरायला शिकवली तू. तेव्हा ऐक.

आठ महिन्यांपूर्वी आमची टूलरूम बंद झाली. कंपनी चालू आहे बरं का, फक्त आम्ही बंद. डायचे साचे आता बाहेरून तयार येणार म्हणाले. मानपाड्याकडच्या त्या कंपनीत मी एकवीस वर्षं काढली. त्या दिवशी आम्हा चौदा जणांना वरच्या काचेच्या खोलीत बोलावलं. टेबलावर समोसे! एकवीस वर्षांत त्या खोलीत आम्हाला कुणी पाणी विचारलं नव्हतं. मी आमच्यातल्या म्हात्रेच्या कानात म्हटलं, "आज काहीतरी कापणार आहेत." तो म्हणाला, "तू गप बस रं, वाढदिवस असल कोनाचा तरी." पाच मिनिटांत कळलं कुणाचा वाढदिवस ते. समोसा मी खाल्ला नाही. म्हात्रेने दोन खाल्ले, म्हणाला, "आता सोडून काय उपेग?"

तेव्हापासून दादा, मला प्रत्येक गोष्टीत समोसा दिसतो.

चोपन्न वय. आयटीआयचा कागद नाही. माझं सर्टिफिकेट म्हणजे तू, आणि तू तर निघून गेलास! प्रज्ञाने मोबाइलवर माझा बायोडेटा बनवला. म्हणाली, "पप्पा, वय नको टाकूया वरती." मी म्हटलं, का? मी काय चोरी केलीय का वयाची? ती म्हणाली, "तसं नाही हो, आधी त्यांना तुमचं काम तर वाचू दे." मला वाटलं, पोरीलाही आपली लाज वाटायला लागली. तिने बिचारीने तीन दिवस दुपारचं जेवण सोडून ते टाइप केलेलं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी ताट सरकवून उठलेलो.

मुलाखतीला जावं तर समोर आपल्या मुलीच्या वयाचा मुलगा. "काका, तुमचं प्रोफाइल चांगलं आहे, कळवतो." कळवतो! या एका शब्दाने मला जेवढं दमवलं तेवढं डबल शिफ्टने दमवलं नाही. पहिले दोन महिने फोन वाजला की मी धावायचो. मग फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लागलो. मग एक दिवस दाढी करावीशी वाटेना. दाढी केली नाही की शालन न विचारता दुसरा चहा आणते, म्हणजे मला जपते, आणि जपलं की मला राग येतो. ती खिडकीशी उभं राहून तिच्या बहिणीशी हळू आवाजात बोलते तेव्हा मी नळ बंद करून ऐकतो. शांताआत्या झालोय नुसता!

पण संशय उगाच आला नाही रे. आधी ठाण्याची गोष्ट सांगतो.

तिथे एका शेडमध्ये बोलावलेलं. मालक म्हणाला, तीन दिवस ट्रायल देऊन बघा, हात पटला तर पगारावर घेतो. मी पत्र्याला भोकं पाडायचे सहा पंच करून दिले. असे केले की तू पाठीवर थाप मारली असतीस. चौथ्या दिवशी, "कळवतो." पंधरा दिवसांनी मी त्याच गल्लीतून जात होतो, म्हटलं डोकावून बघू. माझ्या जागेवर दुसरा एक पिकलेला माणूस वाकून कानस चालवत होता. मी खुणेने विचारलं, काय? तो आनंदाने म्हणाला, "ट्रायल चालू आहे." त्याच्या पुढ्यात तसलेच पंच. दर तीन दिवसांनी एक म्हातारा, आणि मालकाचं काम फुकटात! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. मी त्या माणसाला सांगायला हवं होतं. त्याचा चेहरा इतका खूश होता की माझ्याने सांगवलं नाही. हाही एक गुन्हाच माझा.

मग दीड महिन्यापूर्वी म्हात्रे घरी आला. त्याचं स्वतःचं अजून कुठे जमलेलं नाही, तो भावाच्या टेम्पोवर जातो. म्हणाला, "जाधव, कल्याण-शीळ रस्त्याला एक वर्कशॉप हाय. बाई चालवतंय. मी तुझं नाव सांगून आलो. जा उद्या."

मी विचारलं, "तू का नाही गेलास?"

"माझा हात डायवरचा नाय, तुझा हाय."

"आणि तुला काय मिळणार यात?"

दादा, मी हे बोललो. त्याच्या तोंडावर. शालन चहा घेऊन दारात उभी होती, तिचा पदर तोंडाशी गेला. म्हात्रेने माझ्याकडे बघितलं, चहा घेतला, बशीत ओतला, संपवला आणि म्हणाला, "चाय मिलाली ना." आणि गेला.

मी गेलो तिथे. मॅडम असेल पस्तिशीची, हाताला ग्रीस, केसांना रबर. वडिलांचं वर्कशॉप, आता ती बघते. तिने मला एक जाड पट्टी दिली, मधे ओबडधोबड कापलेलं चौकोनी भोक, आणि एक लोखंडी ठोकळा. म्हणाली, "काका, हा ठोकळा या भोकात बसवून द्या. चारही बाजूंनी फिरवून बसला पाहिजे आणि मधून उजेड दिसता कामा नये. घाई नाही, दोन दिवस घ्या. अकराला चहा येतो."

ऐकलंस? घाई नाही! वर चहा! दुधाने तोंड पोळलेला माणूस मी, ताक बघून पळणार नाही तर काय! मनात म्हटलं, ही त्या ठाणेवाल्याची ताई दिसते. हा ठोकळा कुठल्यातरी ऑर्डरचा असणार. मी बसवून देणार, ही बिल फाडणार आणि मला म्हणणार, कळवते.

आणि मग मला तू आठवलास.

आठवतं? तू कामाला होतास त्या ठाण्याच्या कारखान्यात मी नवा असताना तू शिकवलेलं, "सुध्या, काम सगळं कर, पण शेवटचा केसभर राखून ठेव. समोरच्याने हो म्हटलं की मगच काढ. तोवर काम आपलं." नगावर काम करायचे दिवस होते ते, माल घेऊन लोक तोंड फिरवायचे. तुझं तेव्हा बरोबरच होतं.

मी तसंच केलं. तीन बाजू आरशासारख्या. चौथ्या बाजूला मायक्रोमीटरवर दोन रेघा जास्त ठेवल्या. बघणाऱ्याला वाटावं बसतोय, पण बसणार नाही. लागेल गरज तर येईल माझ्याकडेच, असं म्हणत मी मनातल्या मनात मिशीला पीळ दिला.

मॅडमने ठोकळा उचलला. एका बाजूने गेला, दुसऱ्या, तिसऱ्या, आणि चौथ्या वेळी अडला. तिने पुन्हा लावून बघितला. माझ्याकडे बघितलं, काहीतरी विचारणार होती, पण विचारलं नाही. "बरं काका," एवढंच म्हणाली.

फोन आला नाही. एक आठवडा, दोन, तीन. मी म्हटलं, बघ, ओळखलं ना मी! चोरच होती! तुला खरं सांगू? मला आतून बरं वाटलं. नोकरी नाही मिळाली तरी चालेल, पण आपला संशय खरा ठरला पाहिजे. माणूस इथवर पोचतो रे. कावीळ झालेल्याला हळद आणि सोनं सारखंच.

मागच्या मंगळवारी म्हात्रे भाजीच्या गाडीपाशी भेटला. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. मला वाटलं तोंड फिरवेल. तो सरळ अंगावर आला.

"क्या रं जाधव, डोले गेले का तुझं?"

"का?"

"मना मॅडम बोलली. बोलली, त्या काकांचा हात बघून वाटलं आमच्या बाबांचाच हात. पन चौथी बाजू नाय जमली. डोल्यांना दिसत नसल बिचाऱ्यांना. चश्म्याचं कसं विचारनार, वाईट वाटलं म्हनून काय बोलली नाय."

मी म्हटलं, "आणि तो ठोकळा? विकला असेल."

"कोन घेनार तो ठोकला? भंगारचा हाय. सगल्यांना तसलाच देतंय. कपाट भरलंय, एकेक कागदात गुंडालून वर नाव लिवलंय. तिचा बापूस असंच करायचा." मग म्हणाला, "कवा तरी कोनावर इस्वास ठेव रं."

मी निवडलेली मेथीची जुडी गाडीवर परत ठेवली. लबाड म्हटलं असतं तर सोसलं असतं. बिचारा! म्हणजे त्या कपाटात माझ्या नावाने एक न बसलेला ठोकळा ठेवलाय, आणि त्यावरून माझे डोळे गेले असं ठरलंय!

आता तुझ्यावर रागावू दे थोडं. केस राखायला शिकवलंस, पण समोरचा खरा की खोटा हे ओळखायला का नाही शिकवलंस? अर्धी विद्या देऊन गेलास. तीस वर्षांत हा प्रश्न तुला कधी पडला नाही का?

रागावून झालं. आता जे तुझ्याकडे कबूल करायचंय ते लिहितो. यासाठीच कागद घेतला, बाकी सगळं लांबण लावत आलोय.

तुझा ठाण्याचा कारखाना बंद पडला तेव्हा तू बावन्न वर्षांचा होतास. एका रविवारी डोंबिवलीला आमच्याकडे आलास. शालनने सुकट केलेली. जेवून हात धुताना तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "सुध्या, तुझ्या फोरमनजवळ माझ्यासाठी शब्द टाकशील का?" मी म्हटलं, टाकतो की. पुढच्या रविवारी तुला सांगितलं, साहेब नको म्हणाले, वयाचं कारण दिलं.

दादा, मी विचारलंच नव्हतं.

फोरमन माझं ऐकणारा होता. पण तू आलास तर आठ दिवसांत सगळ्यांना कळणार, खरा कारागीर कोण ते. माझं जे काही नाव होतं ते तुझ्या हातापुढे किती टिकणार? म्हणून नाही विचारलं. उलट शालनला वहिनीकडे पाठवलं, दादा खरंच काम शोधतोय की नुसता बसून असतो ते बघून यायला. तू "बरं, राहू दे" म्हणालास आणि जाताना प्रज्ञाच्या हातात खाऊ ठेवलास. मग दिव्याला त्या बिल्डिंगीत पाण्याचे टँकर मोजायला वॉचमन म्हणून बसलास. तुझे हात! टँकर मोजायला!

खाई त्याला खवखवे म्हणतात. आठ महिने मी ज्याला त्याला विचारतोय, तुझा यात काय फायदा, कारण असा फायदा बघणारा माणूस मला फार जवळून माहीत आहे. आणि म्हात्रे, ज्याच्याशी माझं रक्ताचं नातं नाही, तो न मागता माझ्यासाठी शब्द टाकून आला. मी त्याला दलाल ठरवलं.

काल सकाळी दाढी केली. शालनने विचारलं, "कुठे?" म्हटलं, "डोळे तपासायला." वर्कशॉपमध्ये गेलो आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "मॅडम, त्या दोन रेघा मी मुद्दाम ठेवलेल्या. मला वाटलं तुम्ही फुकट काम करून घेताय."

तिने हातातला पाना खाली ठेवला. "म्हणजे मी चोर वाटले तुम्हाला?"

"हो."

"आणि आज अचानक कसं कळलं मी चोर नाही? कोणी पाठवलं तुम्हाला?"

मला हसू आलं रे! म्हटलं, शाबास, हीसुद्धा आपल्याच घराण्यातली. म्हणालो, "कोणी नाही. कानस द्या."

तिने कपाटातून पुडी काढली. वर माझं नाव. ठोकळा वाइसमध्ये आवळला, दहा-बारा हलके हात मारले, पुसला. चारही बाजूंनी गेला, असा की आत जाताना हवेचा बारीक सुस्कारा आला. मॅडमने खिडकीकडे धरून बघितलं. बराच वेळ बघितलं. उजेड नव्हता.

मग म्हणाली, "काका, तुमचा हात चांगला आहे. पण ज्याला विश्वास बसेपर्यंत काम अर्धं ठेवायची सवय आहे, त्याला घ्यावं का हे मला विचार करून ठरवू दे. सोमवारी कळवते."

पुन्हा तोच शब्द! पण या वेळी तिचंच बरोबर होतं.

मी निघालो, दारापर्यंत पोचलो, तर मागून आवाज, "काका, म्हात्रे सांगत होते त्या तुमच्या चौदा जणांत ग्राइंडिंगवाला कोणी आहे का चांगला? मला यंदा एकच माणूस परवडेल, पण नाव असू दे."

एकच माणूस. ऐकलंस ना? आमच्यातला शिंदे माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहे, ग्राइंडिंगला त्याच्यासारखा नाही आणि कानसही बरी चालवतो. त्याच्या घरी दोन लहान मुलं आहेत. मला अगदी समोर दिसलं, की मी नाव दिलं तर सोमवारी फोन त्याला जाणार. तोंडापर्यंत आलेलं, "नाही हो, तसा कोणी नाही." तुला सांगितलेलं तेच वाक्य, जरा बदललेलं.

मी शिंदेचं नाव सांगितलं. नंबर सांगितला. तिने लिहिला तो बरोबर आहे का हे मी वाचून बघितलं. आणि बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर पत्ता सांगायचा सोडून शिंदेचा नंबरच पुन्हा म्हणायला लागलो, तेव्हा ड्रायव्हरने विचारलं, "काका, बरं नाही का?"

मी काही मोठा झालो नाही यामुळे. आजही, हे लिहिताना, मला वाटतंय ती शिंदेलाच घेणार आणि ती चौकशी त्याच्यासाठीच होती. शिंदेला मी सांगितलंय, पेनबिन घेऊन तयार राहा. तो म्हणाला, "जाधवकाका, खरं सांगा, तुमचा यात काय फायदा?" घे! फिटलं.

सोमवारी काय होईल ते होवो. तुला शब्द देतो दादा, फोन आला नाही तर मंगळवारी दाढी करून दुसरीकडे जाईन, आणि जिथे हात चालवेन तिथे काम पुरं करूनच उठेन. फसलो तर फसलो. कुणी माझ्याकडे शब्द टाकायला सांगितलं तर त्याच दिवशी टाकेन, आणि नाही जमलं तर खरं कारण सांगेन. रविवारी म्हात्रेच्या घरी जाणार आहे. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही, पण जाणार आहे. वहिनीलाही सांगेन, फोरमनची गोष्ट. ती जे म्हणेल ते ऐकून घेईन.

एकच मागणं आहे. त्या रविवारी तू "बरं, राहू दे" म्हणालास, तेव्हा तुला कळलं होतं का रे? कळूनसुद्धा पोरीला खाऊ दिलास का? मला बरं वाटावं म्हणून खोटं लिहू नको, तुझं खोटं मला ओळखता येतं. दोन ओळी लिही, शिव्या घातल्यास तरी चालेल. पण लवकर लिही.

तुझा धाकटा,
सुधाकर